महिला महोत्सवाचा मंडप आणि दाराबाहेरची बाई

नाटकाची, कवितेची, आत्मकथनाची समीक्षा आपण करतो. परंतु गावोगावी, महाविद्यालयांतून आणि कामगार वसाहतींतून भरणाऱ्या महिला महोत्सवांकडे समीक्षेच्या नजरेने पाहण्याची आपल्याला अजून सवय नाही. वास्तविक महोत्सव हीही एक रचना असते. तिला संहिता असते, रंगमंच असतो, प्रेक्षक असतो. आणि कुणाला आत घ्यावयाचे, कुणाला दाराशी थांबवावयाचे ह्याचे न लिहिलेले नियमही असतात. हे नियम वाचता आले पाहिजेत. स्त्री-पुरुष समतेच्या नावाने जो मंडप उभा राहतो तो खरोखर कुणाच्या समतेचा आहे, हा प्रश्न विचारला नाही तर समता हा शब्दसुद्धा तोरणाच्या पानांसारखा दुसऱ्या दिवशी सुकून जाईल.

पालघर ते बोईसर-तारापूर ह्या पट्ट्यात मार्च उजाडला की हे महोत्सव सुरू होतात. महाविद्यालये, पतसंस्था, कारखान्यांच्या वसाहती, राजकीय पक्षांच्या महिला आघाड्या, सगळेच ते भरवतात. ह्याच पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवते. माझ्या घरात माझ्याआधी पदवीचा कागद कधी आला नव्हता. त्यामुळे 'शिकलेली स्त्री' म्हणून मला ह्या मंडपांत बोलावले जाते. कधी वक्ता म्हणून, कधी स्पर्धेची परीक्षक म्हणून. जे लिहिते आहे ते ह्या पाहण्यातून लिहिते आहे.

महोत्सवाचा साचा ठरलेला आहे. दीपप्रज्वलन होते. आदिवासी मुलामुलींचे तारपा नृत्य पाहुण्यांना मंचापर्यंत घेऊन येते. मग भाषण. ह्या भाषणातली स्त्री नेहमी एकवचनी असते. ती आई असते, बहीण असते, पत्नी असते; तिला जात नसते, मजुरी नसते, मालक नसतो. मग डॉक्टर, अधिकारी, उद्योजिका ह्यांचे सत्कार. त्यानंतर सावित्रीबाईंवरचा एकपात्री प्रयोग, हुंड्यावरची नाटिका, रांगोळी आणि पाककृती स्पर्धांचे निकाल, आणि शेवटी पैठणीचा खेळ. ज्या दिवशी स्त्रीला चुलीपलीकडे पाहावयाचे त्याच दिवशी तिच्या चुलीला बक्षीस मिळते!

ह्या साच्याला त्या दिवसाच्या इतिहासाशी भिडवून पाहावे. १९१० साली कोपनहेगनच्या समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिन ह्यांनी महिला दिनाचा ठराव मांडला. ८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बाया भाकरीसाठी संपावर गेल्या आणि झारशाही हादरली. म्हणजे हा दिवस मुळात राबणाऱ्या बाईचा. आपल्याकडे तर त्याची नाळ थेट आदिवासी स्त्रीशी जुळलेली आहे. १९७२ साली विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, हा त्यातला एक आधार होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर ह्या चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले; ८ मार्च १९८० रोजी शहराशहरांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या; आणि १९८३ साली बलात्कारविषयक कायदा बदलावा लागला. महाराष्ट्रातल्या ८ मार्चला जो आवाज मिळाला तो एका भूमिहीन आदिवासी मुलीच्या दुःखातून मिळाला. आज तिच्याच समाजातल्या मुली मंडपात येतात त्या पाहुण्यांपुढे नाचत येण्यासाठी. मंच आला की त्यांचे काम संपते.

तारपा नृत्याला माझा विरोध नाही. पण त्याचा येथे जो उपयोग केला जातो तो स्वागत-कमानीसारखा आहे. वारली समाजाच्या संस्कृतीत स्त्रीचे स्थान शोधावयाचे असेल तर ते ह्या कमानीत सापडणार नाही. ते लग्नाच्या मांडवात सापडेल. वारली लग्न लावते ती धवलेरी. ती बाई असते. ती गात गात लग्न लावते. तिच्या गाण्यावाचून लग्न पुरे होत नाही. भिंतीवरचा लग्नचौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघट देवी बसते. पुरोहिताचे काम आणि चित्रकाराचे काम ही दोन्ही ज्या समाजाने बाईच्या हाती दिली, त्या समाजाला 'मुख्य प्रवाहात' आणण्याची भाषा आपण समतेच्या व्यासपीठावरून करतो! पुढे १९७० नंतर हे चित्र भिंतीवरून कागदावर आले, बाजारात गेले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे ह्यांनी त्याला जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. तरीही जी कला पिढ्यान्‌पिढ्या बायांनी सांभाळली ती पैसा आणि कीर्तीच्या वाटेला लागताच मुख्यतः पुरुषांच्या नावाने ओळखली गेली, ह्याचा अर्थ काय? स्त्री-पुरुष समतेवरच्या व्याख्यानाला ह्याहून जवळचा विषय पालघर जिल्ह्यात कोणता मिळणार? मी तरी तो एकाही मंचावर ऐकलेला नाही.

हुंड्यावरच्या नाटिकेचेही असेच आहे. १९८३ साली ज्योती म्हापसेकर ह्यांचे 'मुलगी झाली हो' स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणले. त्या नाटकाने मराठी स्त्री-चळवळीला लोकांशी बोलण्याची एक रीत दिली. पडदा नको, नेपथ्य नको, बाया उभ्या राहिल्या की नाटक उभे राहिले. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु त्यानंतर निघालेल्या शेकडो नाटिकांनी त्यातली रीत न घेता विषय तेवढा घेतला, आणि हुंडा हेच स्त्रीच्या दुःखाचे एकमेव नाव ठरवून टाकले. ह्या भागातल्या आदिवासी समाजात चाल वेगळी आहे. तेथे मुलाकडून मुलीकडे देज जातो. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी वर्षानुवर्षे लग्नाशिवाय संसार करतात आणि पोरे मोठी झाल्यावर मांडव घालतात. एके काळी ह्याच लग्नखर्चाच्या कर्जापायी वारली तरुण सावकाराकडे बांधला जाई; त्याला लग्नगडी म्हणत. तो बांधला गेला की त्याची बायकोही बांधली जाई. तिचे श्रम मालकाचे, आणि पुष्कळदा तिचे शरीरही मालकाचे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सारे लिहून ठेवले आहे. १९४५ साली ह्याच तालुक्यांतून वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड हुतात्मा झाला. लग्नगडी पद्धत मोडणे हे ह्या मातीतले स्त्रीमुक्तीचे सर्वांत मोठे कृत्य होते. ते हुंड्याच्या नाटिकेत मावत नाही, म्हणून ते महोत्सवातही नाही. समोर बसलेल्या मुलीचे आयुष्य संहितेत नसेल तर ती टाळ्या वाजवील, पण ते नाटक तिचे होणार नाही.

आता सावित्रीबाईंच्या एकपात्री प्रयोगाविषयी. परीक्षक म्हणून मी असे अनेक प्रयोग पाहिले. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक. अंगावर शेण पडते, बाई पातळ बदलते, डोळ्यांत पाणी, टाळ्या. सावित्रीबाईंना सोसणारी देवी करून टाकणारा हा प्रयोग आहे. त्यात १८६३ साली फुले दांपत्याने काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह येत नाही, कारण मग विधवेला गर्भ कुणाकडून राहिला हे विचारावे लागते. १८७३ नंतरची सत्यशोधक लग्ने येत नाहीत, कारण मग भटजीचे काय करावयाचे हे विचारावे लागते. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरणारी बाई येत नाही. आणि मुक्ता तर कधीच येत नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या ह्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला. सावित्रीबाईंच्या कार्याचे मोजमाप शेणाच्या गोळ्यांनी करावयाचे की मुक्तेच्या निबंधाने? त्यांच्या वर्गातली मुलगी लिहू लागली आणि लिहिताच तिने धर्माला जाब विचारला, हे खरे नाट्य आहे. आणखी एक. सावित्रीबाई गेल्या १० मार्च १८९७ रोजी. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेगग्रस्त पोराला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले, आणि त्याच आजाराने त्यांचा घास घेतला. ८ मार्चचा मंडप ९ तारखेला उतरतो. १० मार्चला तेथे कुणी नसते.

एका महोत्सवातली गोष्ट सांगते. नावाचे कारण नाही. कोठेही घडेल अशी आहे. व्याख्यानाचा विषय 'स्त्रीचा आत्मसन्मान' असा होता. सभागृहाच्या दाराशी एक सफाई कामगार बाई झाडू घेऊन उभी होती. मराठवाड्यातून बोईसरला पोट भरायला आलेली, ठेकेदाराकडची. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी तिला म्हटले, "बसा ना ताई." ती म्हणाली, "नको मॅडम. पाचला सुट्टी व्हती. तुमचा कारेक्रम लांबला की बिनपैशाचं थांबावं लागतंय. बसलेलं दिसलं तर त्याचंबी बोलणं खावं लागंल." आत त्या वेळी आत्मसन्मानावर टाळ्या पडत होत्या.

ही बाई महोत्सवाला अडचणीची का वाटत नाही? कारण महोत्सवाने स्त्रीची व्याख्याच अशी केली आहे की ही तीत बसत नाही. ती मंडप झाडणारी आहे, मंडपाचा विषय नाही. आणि असे करताना कुणालाही आपण जात पाळतो असे वाटत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने आहेत; त्यांतून कंत्राटावर राबणाऱ्या बाया आहेत. अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी उठलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या बाया आहेत. वाढवणच्या बंदराविरुद्ध उभ्या राहिलेल्या मच्छीमार बाया आहेत. जव्हार-मोखाड्याहून वीटभट्टीवर जाणाऱ्या बाया आहेत. सत्काराच्या यादीत ह्यांतले कुणी दिसले तर 'संघर्षातून यश' ह्या सदरात दिसते. संघर्ष कुणाशी, हे निवेदिका सांगत नाही.

येथे आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. आपल्या जयंतीच्या मंडपात बाया पांढरी पातळे नेसून पुढच्या रांगांत असतात, वंदना त्यांच्या आवाजावर उभी राहते. पण मंचावरच्या खुर्च्या मोजा. पुरुष वक्ता हिंदू कोड बिलावर तासभर बोलतो. त्या बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले हे तो अभिमानाने सांगतो. स्वतःच्या घरातल्या जमिनीवर किंवा खोलीवर बायकोचे नाव आहे काय, हे त्याला कुणी विचारीत नाही. सवर्ण महोत्सवाला जात दिसत नाही आणि आपल्या मंडपाला बाई दिसत नाही. दलित स्त्री ह्या दोन आंधळेपणांच्या मधोमध उभी आहे.

आणि तिच्यापाशी स्वतःच्या परिषदेचा इतिहास नाही असे नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या; हजारो बाया आल्या होत्या; बाबासाहेब त्यांच्याशी बोलले. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्व कायद्याने बंद करा म्हटले, आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांसाठी सवलती मागितल्या. झाडूवाल्या बाईची रजा हा विषय त्या बायांनी घटस्फोटाच्या शेजारी ठेवला होता. घर आणि कामाची जागा, नवरा आणि मालक, ह्यांना वेगळे काढून स्त्रीप्रश्न सुटत नाही, हे त्यांना १९४२ सालीच उमगले होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' ह्या १९८९ सालच्या ग्रंथात अशा स्त्रियांचा शोध घेतला आहे. तो ग्रंथ महाविद्यालयांच्या कपाटांत असतो. महोत्सवाच्या आयोजकांनी तो एकदा बाहेर काढावा.

तेव्हा महोत्सव बंद करा असे माझे म्हणणे नाही. मुलींना मंच मिळतो, माईक हातात येतो, ही थोडकी गोष्ट नव्हे; माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली पहिल्यांदा बोलल्या त्या तेथेच. म्हणणे एवढेच की मंडपाची रचना बदला. वेळ अशी ठेवा की पाळी संपवून आलेली कामगार बाई आणि बाजार उरकून आलेली कोळीण बसू शकेल. सत्कारांचा तास कमी करा आणि तो तास ठराव मांडायला द्या. नागपूरच्या बायांनी मांडले तसे. वारली, मांगेली बोलीत बोलू द्या, हसू नका. तारपा नाचणाऱ्या मुलींना नाच संपल्यावर खुर्ची द्या, आणि नंतर माईकही. धवलेरीला मंचावर बोलवा, शोभेसाठी नव्हे तर विचारण्यासाठी: बाईने लग्न लावले तर काय बदलते? २५ डिसेंबर हा मनुस्मृतिदहनाचा दिवस दलित स्त्रियांच्या संघटना भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात; तो आणि १० मार्च तुमच्या दिनदर्शिकेत घ्या. आणि सभागृह ज्या बाईने झाडले तिला त्या दिवसाचे जादा तासांचे पैसे द्या. समतेवरचे व्याख्यान त्यानंतर करावे. ते लहान असले तरी चालेल.