शीर्षकात न मावलेली सतरा माणसं

उंब्रजहून एसटीने साताऱ्याला गेलो, गेंडामाळावरचं हुतात्मा स्मारक पाहिलं आणि परत येऊन प्रबोधनकार ठाकऱ्यांचं ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ (१९४८) दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. पहिल्या वाचनात भारावून गेलो होतो. या वेळी शीर्षकापाशीच अडखळलो. त्यात दोनच माणसं आहेत.

पुस्तक म्हणजे एका पदच्युत राजाचं वकीलपत्र आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, शिपायांना फितवणं असे आरोप ठेवून कंपनीने १८३९मध्ये प्रतापसिंहांना गादीवरून काढलं. त्यामागची बाळाजीपंत नातूंची कारस्थानं उघडी पाडताना प्रबोधनकारांची लेखणी तळपते. १८४७मध्ये महाराज काशीत वारले, १८४८मध्ये राज्य खालसा झालं, तरी रंगो बापूजी लंडनमध्ये अर्जांवर अर्ज करत राहिले आणि १८५३च्या अखेरीस रिकाम्या हाताने निघाले. सनदशीर मार्गावरचा एका माणसाचा विश्वास कसा झिजत जातो, हे इथे इतकं नीट कळतं की पुढचा कट अचानक वाटत नाही. पुस्तकाचं खरं बळ हेच.

अडचण १८५७पाशी येते. अर्जांच्या नकला राहतात, गुप्त कटाच्या राहत नाहीत. कट उरतो तो शत्रूच्या दप्तरात. फितुराची साक्ष, कबुलीजबाब, शिक्षेचा हुकूम या रूपात. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात सतरा जणांना मारलं. पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता, तसेच रामोशी आणि मांगही होते. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा सापडलेच नाहीत.

या सतरांना प्रबोधनकार स्वामिनिष्ठेच्या एकाच माळेत ओवतात. सीतारामाची निष्ठा घरातून आली, हे पटतं. पण रामोशाला, मांगाला गादीकडून काय हवं होतं? १८१८नंतर किल्ल्यांवरची रखवाली आणि तिचे हक्क गेले, तेव्हा रामोशी उमाजी नाईकांच्या मागे उभे राहिले. उमाजींना १८३२मध्ये पुण्यात फाशी झाली. पंचवीस वर्षांनी साताऱ्याच्या कटात रामोशी पुन्हा दिसतात, ते केवळ छत्रपतींसाठी? मला वाटतं, गेलेल्या हक्कांना आणि मानाला त्यांच्या लेखी ‘गादी’ हेच नाव असावं. त्या राजनिष्ठेत पोटाचा प्रश्नही होता.

जातीचं राजकारण प्रबोधनकारांइतकं कुणी ओळखलं होतं? म्हणूनच ही उणीव जास्त बोचते. त्यांचा सगळा संताप नातूंवर खर्च होतो, आणि तोफेपुढे उभ्या केलेल्या माणसाच्या वाट्याला फक्त आदर येतो. आदराने माणूस मोठा होतो, पण कळत नाही.

तरी हे पुस्तक वाचावंच. आणि पुढचं कुणी लिहिलं, तर त्याने राजवाड्यापासून नव्हे, गेंडामाळापासून सुरुवात करावी.