दोन प्रभाकर आणि एक अंगठा

डेटाबेसमध्ये नुसत्या पहिल्या नावावर माणूस शोधत नाहीत, कारण त्या नावाची चार माणसं निघतात. मराठी चित्रकलेत 'प्रभाकर' शोधलं तर निदान दोन मोठे चित्रकार निघतात: प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) आणि प्रभाकर कोलते (जन्म १९४६). दोघंही जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, दोघांनाही पॉल क्ले जवळचा, दोघंही मराठीत कलेवर लिहिणारे. मग दोघांना 'अमूर्त' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये टाकून मोकळं व्हायचा मोह होतोच.

पण चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. बरव्यांच्या कॅनव्हासवर ओळखीच्या वस्तू असतात: घड्याळ, पान, शिंपला, ढग. फक्त त्यांची एकमेकांशी असलेली रोजची नाती सुटलेली असतात. सपाट एनॅमल रंग, भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत नवं नातं जुळवायचं काम आपल्यावर. त्यांच्या १९९० सालच्या पुस्तकाचं नावही 'कोरा कॅनव्हास'.

कोलत्यांकडे उलटा प्रकार. एकच रंग बराचसा पृष्ठभाग व्यापतो आणि आधीचे रंग, आकार त्याखाली जातात. कुठे फट राहते, कुठे एखादा चौकोन डोकावतो. बरवे मांडतात, कोलते झाकतात.

सोलापूरकरांना हे झाकणं परकं नाही. आपल्या जॅकार्ड चादरीत जो रंग वर दिसत नाही, तो मागच्या बाजूला असतोच. गंमत अशी की, हातमागाशी खरा संबंध बरव्यांचा; बनारस आणि मुंबईच्या विणकर सेवा केंद्रांत त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली. तरी चादर आठवते ती कोलत्यांच्या चित्रांपुढे. चरित्रावरून चित्र वाचता येत नाही, मग नावावरून काय वाचणार?

खरी अडचण पुढे आहे. आपल्याला हे दोघं बहुतेक वेळा सहा इंची स्क्रीनवर भेटतात. स्पष्ट कडांमुळे बरवे तिथे टिकतात, पण त्यांचं कोडं होतं: घड्याळ म्हणजे काळ, पान म्हणजे निसर्ग, सुटलं, पुढे! कोलत्यांचा तर वॉलपेपरच होतो. खालचे थर दिसत नाहीत आणि अंगठा सरकतो. मग आपण बरव्यांना 'डीप' आणि कोलत्यांना 'डेकोरेटिव्ह' ठरवतो. हा निकाल स्क्रीनने दिलेला असतो.

कोलत्यांची सगळीच चित्रं सारखी दमदार आहेत असं नाही. काहींत झाकणं ही सवय झाल्यासारखी वाटते. पण हे म्हणायचा हक्क मूळ चित्रापुढे उभं राहिल्यावरच मिळतो. पुढच्या मुंबई फेरीत कुठे त्यांचं चित्र लागलेलं दिसलं, तर फोन खिशात ठेवा आणि कडांपासून बघायला सुरुवात करा. खालचा रंग बऱ्याचदा तिथेच सापडतो.