पडले की पाडले? : 'ऱ्हास' या शब्दाची झडती

इतिहासाच्या पुस्तकात एक शब्द आपण न अडखळता ओलांडून जातो : ऱ्हास. बौद्ध धर्माचा ऱ्हास, यादवांचा ऱ्हास, पेशवाईचा ऱ्हास. शब्द संस्कृत असला तरी इतिहासलेखनातले त्याचे वजन इंग्रजीतून आलेले आहे. एडवर्ड गिबनचा रोमन साम्राज्यावरचा ग्रंथ १७७६ ते १७८८ या काळात प्रसिद्ध झाला आणि 'डिक्लाइन अँड फॉल' ही जोडी इतिहासाचा साचा होऊन बसली. जेम्स फर्ग्युसनने १८७६ साली भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिला तोही याच उतरणीने : आधी बौद्ध शिल्पांचे शिखर, पुढे सारी घसरण.

हे इंग्रजी शब्द मुळातून पाहावेत. डिके आणि डेकॅडन्स हे दोन्ही लॅटिनमधल्या 'पडणे' या क्रियापदाचे वंशज. डिक्लाइन म्हणजे कलणे. 'डार्क एज' म्हणजे अंधार. फळ गळते, सूर्य कलतो, रात्र होते. साऱ्या उपमा निसर्गातल्या, आणि निसर्गात गुन्हेगार नसतो. युरोपातल्या इतिहासकारांनी 'डार्क एज' हा शब्द आता बराचसा टाकून दिला आहे. आमच्या गाइडांमधले 'तमोयुग' मात्र सुखरूप आहे.

मराठी भाषेजवळ या रोगावर औषध आहे. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत : पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, बुडणे-बुडवणे. पहिल्यात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात कुणीतरी ती करतो. आंबेगाव तालुक्याचेच पाहा. तालुक्याचे नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, आणि ज्या गावावरून हे नाव पडले ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात. पश्चिम पट्ट्यातून कॉलेजात येणारी महादेव कोळ्यांची मुले निबंधात लिहितात, 'आमचे गाव धरणात गेले.' गाव चालत गेले की काय? धरण बांधण्याचा निर्णय झाला, जमिनी संपादन झाल्या, कालवे खालच्या बागायतीकडे निघाले. यातल्या प्रत्येक क्रियेला कर्ता आहे. 'गेले' म्हटले की तो सुटतो.

आता जुन्नरला येऊ. शहराभोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. ती बहुतेक बौद्ध असून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून तिसऱ्या शतकापर्यंत कोरलेली आहेत. लेण्याद्रीचे सातवे लेणे भिक्खूंच्या निवासाचा विहार. आज तेथे अष्टविनायकांतला गिरिजात्मज आहे. या दोन वाक्यांमधला प्रवास 'पुढे बौद्ध धर्माचा ऱ्हास झाला' एवढ्या पाच शब्दांत आटोपण्याची आपली सवय. वाक्य व्याकरणशुद्ध आहे. पण त्यात माणूसच नाही.

लेण्यांतले ब्राह्मी लेख मात्र माणसांनी गजबजलेले आहेत. इरिल, चिट आणि चंद हे यवन दाते आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. आणि माझ्या मते या साऱ्यांत मोलाचा असलेला एक लेख वसकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या, आणि कासारांच्या श्रेणीकडे दानाची ठेव ठेवल्याची नोंद करतो. ठेव विश्वासावर ठेवतात. म्हणजे ज्यांच्याकडे धर्मादायाची रक्कम निर्धास्तपणे सोपवावी अशी बांबूकाम करणाऱ्यांची पत त्या काळी या बाजारपेठेत होती. हाच धंदा पुढे बुरुडाची जात झाला आणि आज ती जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. त्या काळचे वसकार हेच आजच्या बुरुडांचे पूर्वज, असे मी म्हणत नाही. धंदा तोच, एवढेच म्हणतो. पतदार श्रेणीची गावकुसाकडे ढकललेली जात होणे, याला कुठल्या पुस्तकाने 'ऱ्हास' म्हटले आहे? राजा हरला की ऱ्हास, कारागिराची पत गेली की समाजव्यवस्था!

ऱ्हासाची आपली देशी कल्पना कलियुग. पुराणांनी कलियुगाची जी लक्षणे दिली त्यांत शूद्रांनी धर्म सांगणे आहे, वर्णसंकर आहे, वरच्यांचा मान जाणे आहे. आपण शाळेत गेलो, हे त्या हिशोबाने अधःपतनाचे लक्षण ठरते. म्हणून ऱ्हास म्हटला की पहिला प्रश्न : कोणाचा? यादवांचे राज्य १३१८ च्या सुमारास संपले, तेथून पुढे अंधार, असे सांगतात. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेले. त्यांच्या हयातीवर राज्य बुडाल्याचे सुतक कितपत होते? पेशवाई १८१८ साली संपली. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला तेव्हा तिने बाजीरावाच्या अमदानीचा जो जमाखर्च मांडला, त्यात हळहळीची एक पैसुद्धा नाही.

बाबासाहेबांनी या शब्दाची गाठ सोडवली. त्यांच्या हस्तलिखितांत बौद्ध धर्मावरच्या एका प्रकरणाचे शीर्षक गिबनच्याच वळणाचे आहे. पण ज्या नियोजित ग्रंथाचा तो भाग, त्याचे नाव 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती'. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये तिसऱ्या खंडात ते छापले. प्रतिक्रांती आपोआप होत नाही; ती करावी लागते. १९५१ साली 'महाबोधी'त हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर त्यांनी लेख लिहिला, तेव्हा शीर्षकातच विचारले की याला जबाबदार कोण. बौद्ध धर्माच्या पाडावाची जी कारणे ते देतात, विशेषतः मुसलमानी आक्रमणाला जे स्थान देतात, त्यावर वाद घालता येतो आणि घालावाही. जुन्नरची लेणी कोरणे त्या आक्रमणांच्या कितीतरी शतके आधीच थांबले होते. पण वाद घालता येतो तो त्यांनी कर्त्याचे नाव घेतले म्हणूनच. 'ऱ्हास झाला' या वाक्याशी कोण वाद घालणार?

प्रत्येक पडझडीमागे कट शोधावा, असे मात्र नव्हे. नाणेघाटाने कोकणच्या बंदरांकडे जाणारा व्यापार आटला, सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकात संपली, तेव्हा दात्यांचे हात आखडले असणार. त्यात कोणा एकाचे पाप नाही. ओहोटी हा शब्द तेथे शोभतो. पण व्यापार आटणे, विहारात देव बसणे आणि वसकारांची जात होणे या तीन घटना आहेत. त्यांची कारणे वेगळी, काळ वेगळे आणि लाभ झालेली माणसेही वेगळी. आमच्या अभ्यासक्रमात तिन्हींना मिळून एकच शब्द आहे, आणि परीक्षेत त्याला पाच गुण आहेत.