इव्हांजेलिनचा वृक्ष : लोकानुनयी पुढारी आणि त्याचा मतदार

परस्परांशी वैर असलेल्या पक्षांचे, पंथांचे आणि गटांचे मतदार एकाच लोकानुनयी पुढाऱ्याकडे का ओढले जातात, ह्या प्रश्नाला सुशिक्षित समाजाने दिलेले उत्तर फार सोपे आहे. लोक भोळे असतात, पुढारी धूर्त असतो आणि वक्तृत्व ही एक प्रकारची भूल होय, असे ते उत्तर. साहित्यिकांनीही बहुधा तेच स्वीकारले आहे. अमेरिकेच्या लुइझिआना राज्यातील ह्यूई लाँग हा पुढारी साऱ्या देशात गाजला, आणि १९३५ मध्येच सिंक्लेअर लुइस ह्याची ‘इट कान्ट हॅपन हिअर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीतील बझ विंड्रिपची व्यक्तिरेखा वाचताना लाँगची आठवण झाल्यावाचून राहत नाही. विंड्रिपचे भाषण चालू असताना श्रोता मोहून जातो आणि ते संपल्यावर वक्ता नेमके काय बोलला, हे त्याला आठवत नाही. उपहास म्हणून हे ठीक आहे. परंतु उपहासाने एखाद्या घटनेचा उलगडा होतोच असे नाही.

लाँगच्या श्रोत्यांची गोष्ट निराळी होती. तो काय बोलला ते त्यांच्या पक्के ध्यानात राहत असे, कारण तो त्यांच्याच घरची यादी त्यांना वाचून दाखवीत असे. १९२८ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीच्या प्रचारात सेंट मार्टिनव्हिल ह्या गावी त्याने केलेले भाषण ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. गावात एक जुना ओकवृक्ष आहे. लाँगफेलोने १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इव्हांजेलिन’ ह्या काव्याच्या नायिकेशी लोकांनी त्याचा संबंध जोडलेला आहे. इंग्रजांनी अकेडियातून हुसकून लावलेल्या फ्रेंचभाषी कॅथलिकांची ती कथा. आणि सभेला जमलेले लोक म्हणजे बव्हंशी त्याच निर्वासितांचे वंशज. वक्ता मात्र उत्तरेकडील डोंगराळ विन परगण्यातला, बॅप्टिस्ट वातावरणात वाढलेला. त्याने प्रारंभी प्रियकराची वाट पाहणाऱ्या त्या विरहिणीचे स्मरण केले. मग तो म्हणाला की, ह्या झाडाखाली वाट पाहणारी ती एकटीच नव्हे. मुलांसाठी शाळा, मालासाठी रस्ते, आजारी व अपंग माणसांसाठी संस्था ह्यांची वाट तुम्हीही पाहत आला आहात. तिचे अश्रू एका आयुष्यात सरले, तुमचे पिढ्यान्‌पिढ्या वाहत आहेत.

आपल्याकडील कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. लाँगने आख्यान आधी लावले आणि सिद्धान्ताच्या जागी सरकारकडील थकबाकी मांडली. विप्रलंभाचा रस त्याने ओळखला होता. पण त्यात श्रोत्यांना बुडवून ठेवण्याऐवजी त्याने तो रस्त्याच्या खडीपर्यंत आणून सोडला.

येथे रसचर्चेतील एका जुन्या वादाचा उपयोग होण्यासारखा आहे. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या उपपत्तीप्रमाणे रसास्वादाच्या क्षणी प्रेक्षकाचे ‘मी अमुक, माझे अमुक’ हे भान गळून पडते. सभेतील श्रोत्याचेही असेच होते असे मानले, तर भूल पडण्याचीच कल्पना आपण संस्कृत वेषात पुन्हा उभी करतो. मराठीत न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली : रसिक दुसऱ्याशी एकरूप होतो आणि त्याच वेळी स्वतःही उरतो. केळकरांनी ती साहित्यानंदासाठी सांगितली. परंतु ‘केसरी’चे संपादक म्हणून त्यांचे आयुष्य सभा व निवडणुका ह्यांच्या सान्निध्यात गेले असल्याने ती सभेलाही लागू पडावी, ह्यात नवल नाही. सेंट मार्टिनव्हिलचा शेतकरी सभेतून उठला तेव्हा तो कॅथलिकच होता, आणि उत्तरेकडील बॅप्टिस्टांविषयीचा त्याचा संशय काही मावळला नव्हता. त्याचे पूर्वीचे गट पुसले गेले नाहीत. त्यांवरून एक नवी रेघ ओढली गेली. तिच्या एका बाजूस वाट पाहणारे होते आणि दुसऱ्या बाजूस त्यांना वाट पाहावयास लावणारे.

लुइझिआनात त्या काळी नाव घेण्यासारखा पक्ष एकच, डेमोक्रॅटिक. खरे पक्ष त्याच्या पोटात होते : न्यू ऑर्लिन्समधील शहरी पुढाऱ्यांची जुनी संघटना, मोठे मळेवाले, उत्तरेकडील प्रॉटेस्टंट शेतकरी आणि दक्षिणेकडील फ्रेंच कॅथलिक. १९२४ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या प्रश्नावर मतदार दुभंगले होते, आणि त्या निवडणुकीत लाँग तिसरा आला. चार वर्षांनी मात्र उत्तर व दक्षिण ह्या दोन्ही भागांतील शेतकऱ्यांनी त्याला निवडले. ह्या दुहेरी आवाहनाची एक आख्यायिका टी. हॅरी विल्यम्स ह्याने १९६९ च्या चरित्रात दिली आहे. दक्षिणेत प्रचार करताना लाँग सांगे की, लहानपणी दर रविवारी पहाटे घोडागाडी जुंपून मी कॅथलिक आजी-आजोबांना त्यांच्या प्रार्थनेला नेई आणि परत येऊन बॅप्टिस्ट आजी-आजोबांना त्यांच्या देवळात पोहोचवी. तुझे आजी-आजोबा कॅथलिक होते हे आम्हांला ठाऊक नव्हते, असे एका सोबत्याने म्हणताच तो उत्तरला की, अरे, आमच्याकडे घोडासुद्धा नव्हता! ही गोष्ट लाँगच्या लबाडीचा पुरावा म्हणून सांगतात, आणि तशी ती आहेच. परंतु तिची रचना पाहावी. एकाच गाडीने दोन देवळांच्या दोन खेपा करणारा मुलगा हे कुणालाही न दुखविणारे चित्र आहे. त्यात धर्मांतराची मागणी नाही.

केवळ शब्दांवर हे चालले नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. सत्तेवर येताच लाँगने शाळकरी मुलांना पाठ्यपुस्तके विनामूल्य दिली. कॅथलिक शाळांना सरकारी पैसा देता येत नव्हता. म्हणून पुस्तके शाळेला न देता मुलाला दिली. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९३० मध्ये ग्राह्य धरला. दोन देवळांची गाडी ती हीच, आता कायद्याच्या भाषेत अवतरलेली. ह्या खेपेस घोडा मात्र खरा होता. रस्त्यांच्या बाबतीत त्याने अनेक परगण्यांत प्रथम थोडाथोडाच पक्का रस्ता बांधला, म्हणजे चिखलातून येऊन त्या तुकड्यावर चढलेला माणूस पुढच्या तुकड्यासाठी आपण होऊन मत देईल. ही जाण धूर्ताची खरी, पण भोळ्यांविषयीची नव्हे. तिच्यात मतदाराला अनुभवावरून अनुमान करणारा माणूस मानलेले आहे.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये लाँग ध्वनिक्षेपकांच्या मोटारी घेऊन शेजारच्या आर्कान्सॉमध्ये शिरला आणि हॅटी कॅरवे ह्या विधवा सिनेटरसाठी सुमारे आठवडाभर हिंडला. तेथे त्याचा गट नव्हता, देण्याजोगी नोकरीही नव्हती. तरी सहा प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून बाई निवडून आल्या. १९३५ मध्ये रूझवेल्टच्या पक्षाने गुप्तपणे केलेल्या चाचणीत, लाँग तिसरा उमेदवार म्हणून उभा राहिल्यास तीस-चाळीस लाख मते घेईल आणि ती एकट्या दक्षिणेतील नसतील, असे दिसले. त्याच्या संपत्तिवाटपाच्या योजनेचे गणित जमत नाही, हे विद्वानांनी दाखवून दिले होते. पण मंदीत घर गमावलेल्या माणसाने ती योजना गणित म्हणून वाचलीच नव्हती.

त्याच वर्षी सप्टेंबरात लाँगवर गोळी झाडण्यात आली आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. ह्या माणसावरून स्फुरलेली श्रेष्ठ कलाकृती म्हणजे रॉबर्ट पेन वॉरनची ‘ऑल द किंग्ज मेन’ (१९४६). वॉरन त्या काळी लुइझिआनाच्या राज्य विद्यापीठात शिकवीत असे. लाँगने ह्या विद्यापीठावर सढळ हाताने पैसा खर्चला होता, आणि ‘सदर्न रिव्ह्यू’ हे त्रैमासिक वॉरन व क्लिअँथ ब्रुक्स ह्यांनी तेथूनच चालविले. काव्याला परिस्थितीपासून सोडवून वाचावे असे सांगणारी नवसमीक्षा अशा घरी वाढली, ही गोष्ट तिचे मराठी अनुयायी क्वचितच सांगतात.

वॉरनने वक्त्याच्या जन्माचा क्षण अचूक पकडला आहे. विली स्टार्क प्रथम करांचे आकडे वाचीत हिंडतो आणि लोक जांभया देतात. आपल्याला केवळ मते फोडण्यासाठी उभे केले आहे, हे कळल्यावर तो कागद बाजूला सारतो आणि आपण कसे फसविले गेलो ते सांगतो. श्रोत्यांना तो खेडवळ म्हणून हिणवतो, पण स्वतःला आधी हिणवून. सेंट मार्टिनव्हिलच्या भाषणाचेच हे मर्म आहे. त्याहून मोलाचा प्रसंग त्याआधी येऊन गेलेला असतो : शाळेच्या बांधकामातील लाचखोरीला विलीने विरोध केला म्हणून तो पराभूत होतो, पुढे त्याच शाळेचा जिना कोसळून मुले मरतात, आणि लोकांना त्याचे म्हणणे आठवते. मतदार का वळतो, ह्याचे एवढे पूर्ण उत्तर मला अन्य कोणत्याही राजकीय कादंबरीत आढळलेले नाही.

दुर्दैवाने कादंबरी ते उत्तर पुढे नेत नाही. निवेदक जॅक बर्डनचे अपराधीपण, भूतकाळाचे ओझे, चांगले हे वाइटातूनच घडवावे लागते की काय हा प्रश्न, ह्यांत ती गुंतते आणि लोक उरतात ते चौकात नाव पुकारणारा जमाव म्हणून. स्टार्कचे भव्य रुग्णालय डॉक्टर ॲडम स्टँटनच्या सद्‌सद्‌विवेकाची कसोटी होते. तेथे खाट मिळण्याची वाट पाहणारा एकही माणूस ठसठशीतपणे उभा राहत नाही. मग मतदाराने काय मोजले आणि काय मोजले नाही, हे विचारण्याची सोयच उरत नाही. लाँगच्या मतदाराने पुष्कळ काही सोडून दिले होते. १९३४ मध्ये विरोधी वृत्तपत्रांच्या जाहिरातींवर कर बसला. तो न्यायालयाने १९३६ मध्ये रद्द केला. सरकारी नोकरांच्या वेतनातून गटाच्या निधीसाठी कपात होत असे. मतदानाच्या हक्कासाठी भरावयाचा कर १९३४ मध्ये उठला आणि गोऱ्या मतदारांची संख्या वाढली. कृष्णवर्णीय मात्र यादीच्या जवळजवळ बाहेरच राहिले. वाट पाहणाऱ्यांच्या त्या रेघेलाही एक कुंपण होते, आणि त्याबद्दल ना लाँगच्या सभेत कुणी विचारले, ना वॉरनच्या कादंबरीने.

कादंबरीत मतदाराच्या जवळ येणारे एकच पात्र आहे, ते म्हणजे विलीची पत्नी ल्यूसी. ती शाळामास्तरीण; त्या शाळेच्या प्रकरणात तिची नोकरी गेलेली. नवऱ्याची परस्त्रीगमने, त्याची कारस्थाने, मुलाचा झालेला नाश, हे सर्व तिला ठाऊक आहे. अखेरीस मुलाचे असेल-नसेल असे एक तान्हे बाळ ती सांभाळायला घेते, त्याचे नाव विली ठेवते आणि जॅकला सांगते की, विली थोर माणूस होता असे मला मानलेच पाहिजे. समीक्षकांनी ह्या वाक्यात स्त्रीची क्षमा पाहिली. मला त्यात लुइझिआनाचा मतदार बोलताना ऐकू येतो. तो सर्व काही जाणून मत देतो आहे, आणि ‘मानलेच पाहिजे’ ह्या शब्दांतला ताण त्याने लपविलेला नाही.