स्मृतिभ्रंशाचे कारण : एक की अनेक?

वार्धक्यातील स्मृतिभ्रंश म्हणजे अल्झायमरचा विकार, असे समीकरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. डेव्हिड स्नोडन यांच्या ‘एजिंग विथ ग्रेस’ (२००१) या ग्रंथाचे खरे महत्त्व हे समीकरण ढासळविणाऱ्या पुराव्यात आहे. १९८६ साली आरंभिलेल्या या अमेरिकी संशोधनात ६७८ कॅथलिक धर्मभगिनींनी सहभाग घेतला आणि मरणोत्तर मेंदूची तपासणी करण्यास संमती दिली. आहार, निवास व दिनक्रम यांतील साम्यामुळे तुलना सुकर झाली.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या १०२ भगिनींच्या तपासणीत ६१ जणींचे मेंदू अल्झायमरच्या निकषांत बसले. त्यांपैकी ज्यांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटून झालेले व्रण नव्हते, त्यांच्यातील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ५७ टक्के होते; मेंदूच्या अंतर्भागात बारीक व्रण असलेल्यांत ते ९३ टक्के आढळले. उलटपक्षी, उर्वरित ४१ जणींत अशा व्रणांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध क्षीणच दिसला. एकेकटा विकार मेंदू काही काळ सोसतो; दोन्ही एकत्र आले म्हणजे त्याची राखीव शक्ती अपुरी पडते, असा याचा अर्थ लावता येतो.

तथापि, ग्रंथाच्या नावापासूनच मनोवृत्ती व जीवनार्थ यांवर भर पडतो. तारुण्यातील आत्मवृत्तांच्या भाषेवरून वार्धक्याचे भाकीत करणारी प्रकरणे वाचकाच्या मनावर अधिक ठसतात. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हा विवेक तेथे वाचकालाच राखावा लागतो. शिवाय केवळ स्त्रियांच्या, एकाच धर्मसंघातील या समूहावरून सर्वसामान्य सिद्धांत काढता येत नाही. व्रण असलेल्यांची संख्याही अल्पच होती.

ग्रंथातील द्विविकारी मांडणीही आज अपुरी ठरते. टीडीपी-४३ या प्रथिनाचा मेंदूच्या ऱ्हासाशी असलेला संबंध २००६ साली उघड झाला आणि त्यावर आधारलेल्या वार्धक्यातील विकाराला २०१९ साली स्वतंत्र नाव मिळाले. लेवी पिंडांची भर धरता एकाच मेंदूत तीन-चार विकार नांदणे हे अतिवृद्धांत नवलाचे नाही.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नव्हे. अमिलॉइड हटविणारी नवी औषधे ऱ्हासाची गती काहीशी मंदावतात, तो थांबवीत नाहीत. बहुकारणी रोगात याहून अधिक अपेक्षा एका औषधाकडून बाळगणे धाडसाचे होय. उलट रक्तदाबाचे नियंत्रण हा व्रण टाळण्याचा उपाय आजही हाती आहे. स्नोडन यांच्या ग्रंथातील सर्वाधिक उपयुक्त धडा हाच होय. सदाचाराच्या गौरवात तो झाकोळला जाऊ नये.