आपत्तीची इच्छा : एका आरोपाचा अर्थविचार

देशावर संकट यावे आणि त्यायोगे आपला पक्ष वर यावा, अशी प्रतिपक्षाची मनीषा आहे, हा आरोप राजकीय लेखनात नित्याचा झाला आहे. मराठीने त्यासाठी ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ हा जळजळीत वाक्प्रचार सिद्धच ठेवला आहे. त्याच्या शेजारी ‘पथ्यावर पडणे’ हाही प्रयोग आहे. ‘दुष्काळ विरोधकांच्या पथ्यावर पडला’ या वाक्यात कर्ता दुष्काळ. विरोधकांनी काही इच्छिल्याचा निर्देश त्यात नाही. ‘विरोधक दुष्काळाची वाटच पाहत होते’ असे म्हणताच कर्ता बदलतो आणि परिणामावरून हेतू काढला जातो. पुरावा मात्र तेवढाच राहतो.

डिसेंबर 1897 मध्ये अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. वर्ष दुष्काळाचे आणि प्लेगचे. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेमुळे तुरुंगात. दुष्काळसंहितेतील सवलती शेतकऱ्यांना समजावून सांगणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेची मान्यता सरकारने त्याच वर्षी काढून घेतली होती. संकटाची वार्ता देणारा संकटाचा चाहता ठरला. टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. शब्दाचा अर्थ इतका पातळ केल्यावर कोणाच्याही मनातून काहीही काढता येते.

आयरिश राष्ट्रवाद्यांनी इंग्लंडची अडचण ती आपली संधी, असे उघड म्हटले होते. तेथे हेतू शोधावा लागत नाही. टिळकांनी मात्र ऑगस्ट 1914 मध्ये युद्धकार्यात सरकारला साहाय्य करण्याचे जाहीर आवाहन केले होते. तरीही 10 जून 1918 रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी होमरूलवाद्यांच्या सचोटीविषयी शंका घेतली. देशरक्षण आणि स्वराज्य यांचा संबंध टिळक मांडू लागताच त्यांना थांबविण्यात आले, आणि ते सभा सोडून गेले. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर टिळकांचे वाक्य संकेतार्थी होते : स्वराज्य दिले, तर रक्षणास बळ येईल. सरकारने ते विध्यर्थी ऐकले : अडचण राहावी. वऱ्हाड टिळकांच्या होमरूल लीगच्या कार्यक्षेत्रात असल्याने हा संशय खापर्डे यांच्या अमरावतीपर्यंत पोहोचत होता, हे ध्यानी घ्यावे.

या आरोपाचे अलीकडील रूप वऱ्हाडातच आढळते. 2006 साली केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत अमरावती व अकोला होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे सभागृहात वाचणाऱ्यास ‘मृत्यूचे राजकारण’ करणारा म्हणणे तेव्हाही रूढ होते. 2014 नंतर बाके बदलली. शब्द तेच राहिले. आकडा खोटा असेल तर तो खोडून काढता येतो. येथे तसे न करता वाचणाऱ्याच्या मनाचीच झडती घेतली जाते, आणि कापसाच्या भावाचा मूळ प्रश्न मागे पडतो. झडती घेणाऱ्यालाही या आरोपातून लाभ होतोच; पण त्याची इच्छा कोणी तपासत नाही. अमरावती-अकोल्याच्या वृत्तपत्रांतील या काळातील अग्रलेख काढून ‘वाट पाहणे’ आणि ‘पथ्यावर पडणे’ हे प्रयोग कोण कोणाविषयी करतो, हे एखाद्या अभ्यासकाने मोजून पाहावयास हवे.