दोन निष्ठांचा माणूस

मासातो हाराडा यांचा ‘हेल डॉग्स’ हा २०२२ सालचा जपानी चित्रपट अकिओ फुकामाची यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. खून झालेल्या मुलीचा सूड घेताना स्वतःच कायदा मोडणारा पोलीस शिपाई कानेताका (ज्युनिची ओकादा) यास पोलीसच हाताशी धरतात आणि तोशोकाई या याकुझा टोळीत हेर म्हणून धाडतात. टोळीतील माथेफिरू तरुण मुरो याच्याशी त्याचे ९८ टक्के जमेल, असे पोलिसांचे गणित सांगते.

आम्हांस चित्रपटाचे मर्म या आकड्यात दिसते. मैत्री येथे कामगिरीचे साधन म्हणून योजलेली असते. परंतु एकमेकांच्या पाठीशी उभे राहता राहता ती खरी होऊन बसते. साकेचा प्याला घेऊन टोळीच्या प्रमुखास पिता मानण्याची याकुझांत रीत आहे. असे नाते खोट्या मनाने जोडले, तरी ते जोडणाऱ्यास बांधीत नाही काय?

पात्रांची गर्दी आणि अखंड मारामारी यांमुळे हा प्रश्न वारंवार झाकोळतो, हा दोष आम्ही लपवीत नाही. तथापि, कायद्याच्या रक्षणासाठी एका माणसाला दिवसरात्र खोटे जगावयास लावणाऱ्यांचे हात कितपत स्वच्छ राहतात, हे विचारण्याचे धैर्य या चित्रपटात आहे; म्हणूनच तो पाहावा.